काचबिंदूच्या नळीचा जंतुसंसर्ग : धोका ओळखणे, टाळणे आणि वेळेवर उपचार मिळवणे

काचबिंदूमुळे वाढलेला डोळ्यातील दाब थेंबांनी, लेझरने किंवा नेहमीच्या शस्त्रक्रियेने आटोक्यात येत नाही, तेव्हा डोळ्यात सिलिकॉनची एक बारीक नळी बसवून आतले जास्तीचे पाणी बाहेर वाहून नेण्याची सोय केली जाते. अहमद व्हॉल्व्ह, बेअरवेल्ट, मोल्टेनो आणि ऑरोलॅबचे इम्प्लांट हे या साधनांचे परिचित प्रकार आहेत. या शस्त्रक्रियेमुळे असंख्य रुग्णांची उरलेली दृष्टी टिकून राहिली आहे. तिच्यानंतर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण कमी आहे. बहुतेक प्रकाशित अभ्यासांत ते शंभरात एक ते दोन किंवा त्याहूनही कमी आढळते. मात्र संसर्ग झालाच, तर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत दृष्टी कायमची जाऊ शकते, आणि म्हणूनच ही दुर्मीळ गुंतागुंत प्रत्येक नळीधारक रुग्णाने व त्याच्या घरच्यांनी नीट समजून घेतली पाहिजे.

जखम भरली, टाके विरघळले, थेंब कमी झाले, की संसर्गाचा धोकाही संपला असे अनेक रुग्ण धरून चालतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेबाबत हा समज बऱ्याच अंशी खरा ठरतो; नळीच्या बाबतीत तो घातक आहे. नळीचा संसर्ग शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही होतो, आणि अशा उशिरा होणाऱ्या संसर्गांमध्ये वारंवार एकच कारण सापडते : नळीवरचे आवरण झिजलेले असते आणि नळी उघडी पडलेली असते. त्यामुळे या लेखातील बहुतेक सूचना शेवटी या आवरणाच्या राखणीपाशीच येऊन पोहोचतात.

नळी कशी बसवलेली असते आणि जंतू कोणत्या वाटेने शिरतात

इम्प्लांटचे दोन भाग असतात. एक छोटी तबकडी, जिला प्लेट म्हणतात, ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, पारपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या, कडेपासून साधारण ८ ते १० मिलिमीटर मागे, स्नायूंच्या मधल्या जागेत शिवून बसवली जाते. बहुतेक वेळा ही जागा डोळ्याच्या वरच्या व कानाकडच्या बाजूला असते. प्लेटला जोडलेली नळी पुढे येऊन श्वेतपटलातून, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या थरातून, आत शिरते आणि तिचे टोक पारपटलामागच्या पाण्याच्या कप्प्यात उघडते. काही रुग्णांमध्ये ते बुबुळाच्या रंगीत पडद्यामागे किंवा त्याहून मागे ठेवले जाते. आतले पाणी नळीतून प्लेटभोवती येते आणि तिथून आजूबाजूच्या ऊतींमध्ये शोषले जाते. नळीची बाहेरची जाडी जेमतेम ०.६ मिलिमीटर असते, तर आतले छिद्र त्याच्या निम्म्याएवढे असते.

या सगळ्यावर दोन थरांचे संरक्षण असते. नळीवर सहसा दात्याच्या श्वेतपटलाचा, पारपटलाचा किंवा हृदयावरणाचा एक तुकडा शिवलेला असतो, ज्याला पॅच म्हणतात. आणि त्यावर डोळ्याचा स्वतःचा पातळ, पारदर्शक पडदा म्हणजे कंजंक्टायव्हा असतो. पापणीची प्रत्येक उघडझाप या उंचवट्यावर घासून जाते. नळी पुढच्या बाजूला उंच राहिली असेल, पॅच विरघळत गेला असेल किंवा कंजंक्टायव्हा आधीच्या शस्त्रक्रियांमुळे पातळ झाला असेल, तर हे सततचे घर्षण कधी ना कधी आवरणाला छिद्र पाडते. मग पापण्यांवर आणि डोळ्याच्या पृष्ठभागावर नेहमीच वस्ती करून असलेल्या जंतूंना थेट डोळ्याच्या आत जाणारी वाट मिळते. नळी उघडी पडणे ही तशी दुर्मीळ घटना नाही; निरनिराळ्या अभ्यासांत तिचे प्रमाण शंभरात साधारण दोन ते पाच आढळते आणि काळ जाईल तसे ते वाढत जाते.

लवकरच्या काळात, म्हणजे पहिल्या काही आठवड्यांत होणारा संसर्ग वेगळ्या वाटेने येतो. शस्त्रक्रियेच्या वेळी आत शिरलेले जंतू किंवा शिवणीतून झिरपणारी जखम ही त्याची नेहमीची कारणे असतात. अशा वेळी त्वचेवर राहणारे स्टॅफिलोकोकस वर्गातील जंतू अनेकदा सापडतात. उशिरा होणाऱ्या संसर्गात स्ट्रेप्टोकोकस आणि हिमोफिलस यांसारखे अधिक आक्रमक जंतूही आढळतात, आणि ते दृष्टीचे नुकसान फार वेगाने करतात. क्वचित बुरशी किंवा क्षयरोगाच्या जंतूंच्या कुळातले, मात्र क्षयरोग न घडवणारे मंदगती जंतूही सापडतात. त्यांचा संसर्ग हळूहळू रेंगाळत वाढतो आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाही.

नळी आणि प्लेट या निर्जीव वस्तू आहेत, ही गोष्टही इथे महत्त्वाची ठरते. त्यांच्या पृष्ठभागावर जंतू चिकट थर तयार करून राहतात. या थराला बायोफिल्म म्हणतात. रक्तपुरवठा नसलेल्या वस्तूवरच्या या थरात औषध पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही, त्यामुळे वरवर बरा झालेला संसर्ग औषधे थांबताच पुन्हा डोके वर काढू शकतो.

ही माहिती वाचून नळी बसवून घेण्याची भीती वाटू नये, म्हणून एका तुलनेचा उल्लेख करतो. अमेरिकेत झालेल्या ‘ट्यूब व्हर्सेस ट्रॅबेक्युलेक्टमी’ या अभ्यासात २१२ डोळ्यांचा समावेश होता. त्यांपैकी काहींमध्ये नळी बसवली, तर काहींमध्ये ट्रॅबेक्युलेक्टमी ही काचबिंदूची पारंपरिक शस्त्रक्रिया केली. ५ वर्षांच्या पाठपुराव्यात उशिरा होणारा संसर्ग ट्रॅबेक्युलेक्टमीच्या गटात ५ रुग्णांना, तर नळीच्या गटात १ रुग्णाला झाला. नळीच्या गटातील ५ रुग्णांची नळी मात्र उघडी पडली. नळी संसर्गाच्या दृष्टीने तुलनेने सुरक्षित आहे, परंतु तिच्या आवरणावर लक्ष ठेवावेच लागते, असा याचा अर्थ मी घेतो.

धोका कोणाला अधिक असतो

ज्यांच्या त्याच डोळ्यावर आधी अनेक शस्त्रक्रिया झाल्या आहेत, ज्यांची नळी डोळ्याच्या खालच्या बाजूला बसवलेली आहे, ज्यांच्या डोळ्यात वारंवार दाह होतो, ज्यांचे डोळे फार कोरडे आहेत किंवा पापण्यांच्या कडा सतत सुजलेल्या असतात, त्यांनी स्वतःला अधिक धोक्याच्या गटात धरावे. नळी खालच्या बाजूला असेल तर तिथला कंजंक्टायव्हा आखूड असतो, खालच्या पापणीची कड आणि अश्रूंचा साठा नेहमी जवळ असतो, आणि त्यामुळे आवरण उघडे पडल्यास संसर्गही लवकर होतो. लहान मुलांमध्ये धोका मोठ्यांपेक्षा जास्त आढळला आहे. त्यांच्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे. अनियंत्रित मधुमेह आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे यांमुळे कोणताही संसर्ग बळावतो, तसा हाही बळावतो.

शस्त्रक्रियेआधी करायच्या गोष्टी

पापण्यांच्या कडांवर कोंडा, चिकटपणा किंवा लाली असेल, अश्रुपिशवीत पू होत असेल, डोळे आलेले असतील किंवा त्या बाजूच्या चेहऱ्यावर गळू असेल, तर ते शस्त्रक्रियेच्या बऱ्याच आधी डॉक्टरांना सांगावे. तातडीचे कारण नसेल तर आधी हे बरे करून मगच नळी बसवणे योग्य असते, आणि चार दिवस उशीर होईल या काळजीने रुग्णाने ते लपवू नये. रक्तातील साखर आटोक्यात आणावी. घ्यावयाच्या औषधांची संपूर्ण यादी सोबत न्यावी. आयोडीनची किंवा कोणत्याही प्रतिजैविकाची ॲलर्जी असेल तर ती आवर्जून सांगावी, कारण शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्यात पोव्हिडोन आयोडीनचे ५ टक्के द्रावण घालून काही मिनिटे थांबणे हा डोळ्याच्या आतील संसर्ग टाळण्याचा सर्वांत भरवशाचा उपाय मानला जातो.

शस्त्रक्रियेनंतर घरी जाताना एक नोंद लेखी मागून घ्यावी. तिच्यात कोणत्या डोळ्यात, कोणत्या तारखेला, कोणत्या कंपनीचे व कोणत्या आकाराचे इम्प्लांट बसवले, ते डोळ्याच्या कोणत्या भागात आहे, पॅच कशाचा वापरला आणि नळी तात्पुरती दोऱ्याने बांधली आहे का, एवढे असावे. या कागदाचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवावे आणि घरातल्या आणखी एका व्यक्तीकडेही असावे. काही वर्षांनी, परगावी, अनोळखी डॉक्टरांपुढे डोळा लाल होऊन बसण्याची वेळ आली, तर तपासणीच्या पहिल्या पाच मिनिटांतच या माहितीचा उपयोग होतो.

पहिले काही आठवडे

या काळात साधारणतः प्रतिजैविकाचे थेंब एक-दोन आठवडे आणि स्टेरॉइडचे थेंब त्याहून बरेच अधिक काळ, हळूहळू कमी करत दिले जातात. थेंब घालण्याची पद्धत साधी वाटली तरी तिच्यातच बहुतेक चुका होतात. आधी दोन्ही हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. मान मागे करून खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढावी आणि तयार झालेल्या खोबणीत एक थेंब सोडावा. बाटलीचे टोक पापणीला, पापणीच्या केसांना किंवा बोटाला लागू देऊ नये. लागले तर त्या बाटलीत जंतू शिरले असे समजावे आणि नवी बाटली आणावी. वरची पापणी वर ओढून थेंब घालण्याची सवय असेल तर ती सोडावी, कारण बहुतेकांची नळी त्याच पापणीखाली असते. दोन वेगवेगळ्या थेंबांमध्ये किमान पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. उघडलेली बाटली किती दिवस वापरायची ते वेष्टनावर पाहावे. बहुतेक बाटल्यांसाठी ती मुदत चार आठवड्यांची असते. एकाच घरात दोघांनी एक बाटली वापरू नये.

डोळा चोळू नये. झोपताना डॉक्टर सांगतील तितके दिवस कडक कवच लावावे. केस धुताना साबणाचे पाणी डोळ्यात जाऊ देऊ नये आणि पोहणे, तळ्यात वा नदीत डुबकी मारणे, धूळ-मातीचे काम हे परवानगी मिळेपर्यंत पूर्ण बंद ठेवावे. डोळ्यातून येणारा स्राव पुसायचा असेल तर उकळून थंड केलेल्या पाण्यात भिजवलेल्या निर्जंतुक कापसाने, बंद पापणीवरून, नाकाकडून कानाकडे एकदाच पुसावा आणि तो कापूस टाकून द्यावा.

या काळात रुग्णाला सर्वांत अधिक छळणारा प्रश्न म्हणजे, होणारा त्रास नेहमीचा की धोक्याचा. याचे उत्तर त्रासाच्या दिशेत आहे. शस्त्रक्रियेनंतरची लाली, खुपणे, पाणी येणे आणि जडपणा हे दिवसागणिक कमी होत जातात. आज कालच्यापेक्षा बरे आहे, असे म्हणता येत असेल तर सहसा सर्व ठीक असते. कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढू लागले, स्वच्छ होत आलेली दृष्टी पुन्हा अंधूक झाली, पांढरा होत आलेला डोळा पुन्हा लाल झाला, तर ही उलटी दिशा त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावी.

एक अपवाद आधीच माहीत असावा. बेअरवेल्टसारख्या ज्या इम्प्लांटमध्ये झडप नसते, त्यांची नळी सुरुवातीला विरघळणाऱ्या दोऱ्याने बांधलेली असते, म्हणजे पहिल्याच दिवशी दाब धोकादायकरीत्या उतरत नाही. हा दोरा साधारण पाच ते सहा आठवड्यांनी विरघळतो, नळी एकाएकी उघडते, दाब झपाट्याने उतरतो आणि त्या वेळी डोळा थोडा दुखू शकतो, दाह वाढू शकतो, दृष्टीही धूसर होऊ शकते. ही घटना अपेक्षित असली तरी घरी बसून तिच्यात आणि संसर्गात फरक करता येत नाही. म्हणून ‘दोरा विरघळला असेल’ असे स्वतःच ठरवून थांबू नये. तपासणीत दोराच निघाला तर एक फेरी जास्त झाली, एवढेच नुकसान होते.

आवरण घरी कसे पाहावे

ही सवय लावून घेण्याचा माझा मनापासून आग्रह आहे. नळी उघडी पडते तेव्हा अनेक रुग्णांना काहीच दुखत नाही; काहींना फक्त किंचित खुपल्यासारखे वाटते किंवा पाणी येते, आणि पुढची ठरलेली तपासणी कित्येक महिने दूर असते. त्या मधल्या काळात पाहणारे डोळे घरचेच असतात.

जखम पूर्ण भरली असे डॉक्टरांनी सांगितल्यावर, महिन्यातून एकदा, चांगल्या उजेडात, दुसऱ्या व्यक्तीच्या मदतीने हे करावे. पाहणाऱ्याने हात धुवावेत. नळी वरच्या व कानाकडच्या बाजूला असेल, तर रुग्णाने नजर खाली आणि नाकाकडे न्यावी. पाहणाऱ्याने वरच्या पापणीची फक्त कड बोटाने हलकेच वर उचलून भुवईच्या हाडावर धरावी. डोळ्यावर कुठेही दाब देऊ नये. मोबाइलवर एक स्पष्ट छायाचित्र घ्यावे आणि मागच्या महिन्याच्या छायाचित्राशी ताडून पाहावे. पहिले छायाचित्र डॉक्टरांच्या समोर, त्यांनी सर्व ठीक असल्याचे सांगितलेल्या दिवशीच घ्यावे, म्हणजे तुलनेला खात्रीचा आधार मिळतो. दुसरी व्यक्ती नसेल तर आरशात पाहून प्रयत्न करता येतो, पण नजर खाली वळवलेली असल्यामुळे स्वतःचे स्वतःला फारसे दिसत नाही.

काय दिसले तर घाबरू नये, हेही सांगितले पाहिजे. नळीच्या जागी पांढरट-पिवळसर उंचवटा दिसणे म्हणजे शिवलेला पॅच असतो. पॅच पारपटलाचा असेल तर तो पारदर्शक असतो आणि त्याखालची नळी स्वच्छ दिसते; ती दिसते म्हणजे उघडी पडली असे नव्हे. पारपटलामागे, बुबुळाच्या रंगीत पडद्यासमोर नळीचे छोटे टोक दिसणेही अपेक्षित असते. याउलट, उंचवट्याच्या मधोमध किंवा कडेला खड्डा पडणे, नळीचा चकचकीत कोरडा तुकडा थेट हवेत आलेला दिसणे, त्या जागेभोवतीच लाल रक्तवाहिन्यांचा झुबका गोळा होणे, पिवळा चिकट स्राव त्याच ठिकाणी जमणे किंवा मागच्या छायाचित्रात जाड दिसणारा पॅच आता अगदी पातळ दिसणे, यांपैकी काहीही आढळले तर छायाचित्र पाठवून लगेच वेळ मागावी.

घरची पाहणी डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेत नाही. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या प्रकाशयंत्राखाली, पापणी उचलून नळीचा संपूर्ण मार्ग पाहणे आणि शंका असल्यास फ्लुरेसिनचा केशरी रंग घालून पाणी झिरपते का ते तपासणे, हे प्रत्येक भेटीत झाले पाहिजे. दाब मोजला, थेंब लिहून दिले आणि भेट संपली असे झाले, तर ‘नळीवरचे आवरणही एकदा पाहाल का?’ असे रुग्णाने नम्रपणे पण स्पष्ट विचारावे. ही तपासणी आयुष्यभर चालू ठेवायची असते.

नळी उघडी पडली आहे, पण संसर्ग दिसत नाही

दुखत नाही, दिसते आहे, मग पुढच्या आठवड्यात पाहू, असे इथे करू नये. उघडी नळी म्हणजे होऊ घातलेला संसर्ग, असे समजूनच वागावे आणि एका दिवसाच्या आत काचबिंदूतज्ज्ञांपर्यंत पोहोचावे. ते प्रतिजैविकाचे थेंब सुरू करतात, डोळ्याच्या आत दाह आहे का ते पाहतात आणि लवकरात लवकर दुरुस्तीची शस्त्रक्रिया ठरवतात. नुसता कंजंक्टायव्हा ओढून छिद्रावर शिवला, तर ते बहुधा पुन्हा उघडते, कारण आवरण झिजवणारे मूळ कारण तसेच राहते. म्हणून नवा पॅच लावणे, नळी वेगळ्या मार्गाने अधिक मागून आत नेणे, गरजेप्रमाणे जवळच्या भागातून कंजंक्टायव्हा फिरवून आणणे किंवा दुसरीकडचा तुकडा लावणे, असे उपाय केले जातात. आवरण पुन्हा पुन्हा उघडत असेल तर इम्प्लांट काढून टाकणे शहाणपणाचे ठरते.

संसर्गाची शंका आली तर : पहिल्या तासात काय करावे

नळी असलेल्या डोळ्यात पुढीलपैकी एकही लक्षण नव्याने आले तर ते संसर्ग समजूनच पावले उचलावीत : वाढत जाणारे दुखणे, लाली, दृष्टी कमी होणे, उजेड सहन न होणे, पू किंवा चिकट स्राव, पापणी सुजणे. पारपटलामागे खालच्या बाजूला पांढरट थर साचलेला दिसला, तर तो आत जमलेला पू असू शकतो. वयस्कर रुग्णांमध्ये आणि मंदगती जंतूंच्या संसर्गात दुखणे फार कमी असू शकते; त्यामुळे ‘दुखत नाही’ या एकाच गोष्टीवर निर्धास्त होऊ नये.

१. शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना किंवा त्यांच्या रुग्णालयाला तत्काळ फोन करावा. बोलणे नेमके असावे : ‘माझ्या उजव्या डोळ्यात काचबिंदूची नळी बसवलेली आहे. आज सकाळपासून डोळा लाल झाला आहे, दुखतो आहे आणि कमी दिसते आहे.’ नुसते ‘डोळा लाल झाला आहे’ असे सांगितले तर फोन घेणारी व्यक्ती साधी डोळ्यांची साथ समजून उद्याची वेळ देण्याची शक्यता असते.

२. दुसरा डोळा झाकून या डोळ्याने काय दिसते ते पाहून नोंदवावे : छापील अक्षरे, समोर धरलेली बोटे, हाताची हालचाल की फक्त उजेड. उपचार ठरवताना ही पातळी विचारली जाते, आणि ती किती वेगाने घसरली हे केवळ रुग्णच सांगू शकतो.

३. घरात उरलेले कोणतेही थेंब स्वतःहून घालू नयेत. औषधांच्या दुकानातून मागून घेतलेले प्रतिजैविक व स्टेरॉइडचे मिश्र थेंब विशेष धोक्याचे आहेत. स्टेरॉइड लाली आणि दुखणे तात्पुरते दाबते, आत संसर्ग वाढत राहतो, आणि हातातले मोलाचे तास निघून जातात. आधीपासून चालू असलेल्या थेंबांचे काय करायचे ते फोनवरच विचारून घ्यावे.

४. डोळा चोळू नये, धुऊ नये, त्याला घट्ट पट्टी बांधू नये.

५. लगेच शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून निघण्यापूर्वी काही खावे-प्यावे का हेही विचारावे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी हा प्रश्न विसरू नये.

६. इम्प्लांटची नोंद, चालू औषधांच्या बाटल्या आणि मागची छायाचित्रे घेऊन निघावे. स्वतः वाहन चालवू नये. नेहमीचे डॉक्टर उपलब्ध नसतील तर त्यांची वाट न पाहता दृष्टिपटलाचे (रेटिनाचे) तज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृह असलेल्या जवळच्या नेत्ररुग्णालयात जावे. रात्र असली किंवा सुट्टीचा दिवस असला तरी थांबू नये.

रुग्णालयात काय होते

डॉक्टर स्लिट लॅम्पखाली आवरण, आतील दाह आणि पू पाहतात. मागचा भाग दिसत नसेल तर डोळ्याची सोनोग्राफी करतात. संसर्ग फक्त पृष्ठभागावर आणि नळीभोवती आहे, की डोळ्याच्या आत पोहोचून एंडॉफ्थॅल्मायटिस झाला आहे, हे ठरवणे हा या तपासणीचा गाभा असतो. आत पोहोचला असल्याची शंका असेल तर डोळ्यातील पाण्याचा आणि मागच्या जेलीसारख्या द्रवाचा नमुना सुईने घेऊन जंतुपरीक्षणासाठी पाठवला जातो आणि त्याच वेळी डोळ्याच्या आत प्रतिजैविकांची इंजेक्शने दिली जातात. यासाठी व्हॅन्कोमायसिन १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम ही जोडी सर्वाधिक वापरली जाते, कारण ती मिळून बहुतेक जंतूंवर चालते. परीक्षणाचा अहवाल यायला दिवस लागतात. उपचार त्याच्यासाठी थांबत नाही. डोळ्याच्या आत सुई म्हटले की रुग्ण हादरतो आणि गोळ्यांवर भागेल का असे विचारतो. गोळ्यांमधून किंवा थेंबांमधून डोळ्याच्या मागच्या भागात पुरेसे औषध पोहोचत नाही, म्हणून हे इंजेक्शन टाळू नये. ते डोळा बधिर करून दिले जाते.

दृष्टी फारच घसरली असेल, जंतू आक्रमक असतील किंवा एक-दोन दिवसांत सुधारणा दिसत नसेल, तर व्हिट्रेक्टमी करून आतला दूषित द्रव काढून टाकतात. मोतीबिंदूनंतरच्या संसर्गावरील १९९५ सालच्या प्रसिद्ध अभ्यासात, फक्त उजेड कळण्याइतकी दृष्टी उरलेल्या रुग्णांना तत्काळ व्हिट्रेक्टमीचा स्पष्ट लाभ झाला होता. मात्र तो निष्कर्ष नळीच्या संसर्गाला जसाच्या तसा लावता येत नाही, कारण इथे जंतू वेगळे असतात आणि आत इम्प्लांट असते. त्यामुळे अनेक तज्ज्ञ इथे लवकर शस्त्रक्रियेकडे झुकतात.

इम्प्लांट काढायचे की ठेवायचे, हा रुग्णाला सर्वांत जड जाणारा निर्णय आहे. नळी काढली की दाब पुन्हा वाढणार, हे त्याला ठाऊक असते. तरीही नळी उघडी असेल, प्लेटभोवती पू असेल किंवा एंडॉफ्थॅल्मायटिस पसरत असेल, तर बहुतेक वेळा इम्प्लांट काढण्याचाच सल्ला दिला जातो, कारण वर सांगितलेली बायोफिल्म संसर्गाचा साठा म्हणून आत राहते. आवरण शाबूत असेल आणि औषधांना प्रतिसाद लवकर मिळत असेल, तर काही डोळ्यांत ते ठेवून उपचार करता येतात. रुग्णाने एवढे जरूर विचारावे : इम्प्लांट ठेवले तर संसर्ग परतल्याचे कसे कळेल, आणि काढले तर मधल्या काळात दाब कशाने सांभाळणार?

लहान मुलांच्या बाबतीत

जन्मजात किंवा बालपणीच्या काचबिंदूसाठी नळी बसवलेल्या मुलांमध्ये संसर्गाचा धोका अधिक असतो. ती डोळे चोळतात, पडतात, सर्दी-खोकल्याचे जंतू त्यांच्यात सतत फिरत असतात, आणि आपल्याला कमी दिसते आहे हे ती सांगू शकत नाहीत. पालकांनी वागण्यावरून ओळखावे : मूल एक डोळा मिटून धरते, उजेडाकडे पाठ फिरवते, विनाकारण किरकिर करते, नेहमीच्या खेळण्याकडे हात नेताना चुकते. पापणी सुजून डोळा पुढे आल्यासारखा दिसला, डोळा हलवताना मूल रडू लागले आणि ताप आला, तर संसर्ग डोळ्याभोवतीच्या खोबणीत पसरलेला असू शकतो आणि त्यासाठी रुग्णालयात दाखल करून शिरेतून औषधे द्यावी लागतात. लहान मुलांची नीट तपासणी बहुधा भूल देऊनच होते. ती पुढे ढकलू नये. शाळेत वर्गशिक्षकांना आणि घरी आजी-आजोबांना एवढे सांगून ठेवावे, की या मुलाचा डोळा लाल झाला तर त्याच क्षणी आई-वडिलांना कळवायचे.

संसर्ग आटोक्यात आल्यानंतर

दृष्टी किती परत येईल हे कोणता जंतू होता, उपचार किती तासांत सुरू झाले आणि काचबिंदूने आधीच किती नुकसान केले होते, यावर अवलंबून असते. स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गानंतर दृष्टी बहुधा फारशी परतत नाही; स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिसच्या संसर्गात आशा अधिक असते. पुढचे काही आठवडे तपासण्या वरचेवर होतात, कारण संसर्ग परतणे, दृष्टिपटल सुटणे आणि दाब वाढणे या तिन्हींवर लक्ष ठेवावे लागते. दाबासाठी आधी थेंब आणि गोळ्या दिल्या जातात. ते पुरेसे नसेल तर लेझरने डोळ्यात पाणी तयार करणाऱ्या भागाची क्षमता कमी करतात, किंवा डोळा पूर्ण शांत झाल्यावर, आधीची जागा सोडून वेगळ्या भागात नवे इम्प्लांट बसवतात. नवी नळी बसवताना मागच्या वेळी सापडलेल्या जंतूचा आणि कोणते प्रतिजैविक त्याच्यावर चालले याचा अहवाल नव्या शल्यचिकित्सकांच्या हाती असलाच पाहिजे, म्हणून तो इम्प्लांटच्या नोंदीसोबतच जपून ठेवावा.